मोगलीची उडी आणि दोन ठिपक्यांची चूक

विहिरीत उडी मारणारे तुमच्यात बरेच असतील. काठावरून पाय सुटल्यापासून पाण्यावर आपटेपर्यंत किती वेळ जातो, हे कधी मोजले आहे का? पाणी पाच मीटर खाली असेल तर जवळजवळ एक सेकंद.

हे आठवायचे कारण माझा भाचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मुंबईहून आमच्याकडे पिंपळवंडीला आला, तेव्हा आपल्या वडिलांच्या लहानपणीचा 'गेम बॉय' घेऊन आला होता. तळहातावर मावणारे हे खेळयंत्र निन्टेन्डो या जपानी कंपनीने 1989 मध्ये बाजारात आणले. त्यात 'जंगल बुक' हा 1994 सालचा खेळ होता. सकाळी मळ्यातल्या विहिरीवर पोहायचे आणि दुपारी ओट्यावर बसून मोगलीला फांद्याफांद्यांवरून उड्या मारायला लावायच्या, हा त्याचा कार्यक्रम. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, हा मोगली फारच पटकन खाली येतो. मी विहिरीत पडतो तसा पडत नाही."

निरीक्षण पक्के होते. त्याच्या मुळाशी जाऊ.

हा खेळ वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने 1967 मध्ये काढलेल्या चलच्चित्रपटावर बेतलेला आहे. (दूरदर्शनवर गाजलेली मालिका वेगळी, ती जपानमध्ये तयार झालेली.) मूळ पुस्तक 1894 चे. लेखक रड्यार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईचा आणि कथेतले अरण्य सिवनीचे. त्या कथेतली वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते, तेव्हा मोगली तसा आपला शेजारीच.

चित्रपटातली उडी चित्रकाराने काढलेली असते. सेकंदाला 24 चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि मोगली प्रत्येक वेळी तीच फांदी पकडतो. मग हीच चित्रे खेळात का भरली नाहीत? हिशेब करा. गेम बॉयच्या पडद्यावर आडवे 160 आणि उभे 144, म्हणजे 23,040 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला चारच छटा, म्हणून चार ठिपके एका बाइटात बसतात. एका चित्राला 5,760 बाइट लागले, तर एका सेकंदाला 1,38,240. याच यंत्रावरचा 'टेट्रिस' हा अख्खा खेळ 32 किलोबाइटांत, म्हणजे 32,768 बाइटांत मावतो! शिवाय खेळणारा बटण केव्हा दाबील याचा नेम नाही. तेव्हा उडी साठवून ठेवता येत नाही, ती दर वेळी नव्याने गणित करून काढावी लागते.

आणि गणित करणारा कोण? गेम बॉयच्या प्रक्रियकाला गुणाकाराची आज्ञाच नाही. बेरीज-वजाबाकी येते, तीही पूर्णांकांची. दशांश चिन्ह त्याच्या गावी नाही. यावर कार्यक्रम लिहिणारे जी युक्ती करतात ती आपल्या आजोबांना ठाऊक होती. रुपयाचे 16 आणे करावेत तसे एका ठिपक्याचे 16 किंवा 256 भाग पाडायचे. आपण 16 घेऊ आणि त्यांना आणेच म्हणू.

पडदा सेकंदाला सुमारे 60 वेळा नव्याने रेखला जातो. प्रत्येक वेळेला आपण 'पाळी' म्हणू. हिशेबासाठी सोयीचे आकडे घेऊ: उडी मारताना मोगलीचा वेग दर पाळीला 64 आणे, म्हणजे 4 ठिपके. प्रत्येक पाळीत दोनच कामे. उंचीत वेग मिळवायचा, मग वेगातून 4 आणे वजा करायचे. ही वजाबाकी म्हणजेच मोगलीच्या जगातले गुरुत्वाकर्षण. वेग 64, 60, 56 असा उतरत शून्यावर येतो, पुढे ऋण होतो आणि 33 पाळ्यांत, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळात, मोगली पुन्हा जमिनीवर.

आता भाच्याच्या शंकेकडे. मोगली 32 ठिपके उंच आहे आणि खरा मोगली 128 सेंटिमीटर, असे धरा. मग एक ठिपका म्हणजे 4 सेंटिमीटर. दर पाळीला पाव ठिपका हे त्वरण सेकंदाच्या मापात 900 ठिपके, म्हणजे 36 मीटर प्रति सेकंद वर्ग होते. पृथ्वीवर ते 9.8. मोगलीचे जग आपल्या पावणेचारपट ओढते! असे का करतात? तो स्वतःच्या डोक्याएवढ्या उंचीहून वर उडतो. पृथ्वीच्या ओढीने ही उडी पुरी व्हायला एक सेकंद लागला असता आणि खेळणाऱ्याला तो हवेत तरंगल्यासारखा वाटला असता. उडी उंच हवी आणि झटपटही हवी, तर ओढ वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

यापुढची गोष्ट सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते. भाच्याला मी उडीची उंची काढायला सांगितली. मी स्वतः सूत्राने काढली: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट, म्हणजे 4096 भागिले 8, बरोबर 512 आणे, 32 ठिपके. त्याने आलेखाच्या कागदावर एकेक पाळी मांडून 34 आणले. "बेरीज चुकली," असे म्हणून मी लाल पेन्सिलीने फुली मारली. तो काही बोलला नाही. पण रात्री पुन्हा बेरीज करून कागद माझ्या उशाशी ठेवून गेला. सकाळी मी स्वतः मिळवून पाहिले. 64, 60, 56 पासून 4 पर्यंत बेरीज 544 आणे. चौतीसच!

त्याचे यंत्र पूर्ण पाळीभर सुरुवातीचाच वेग वापरते. खरा वेग मात्र त्या पाळीतही कमी होत असतो. गॅलिलिओने दाखवले की पडणारी वस्तू समान कालखंडांत 1, 3, 5, 7 या प्रमाणात अंतरे काटते. एकूण अंतर 1, 4, 9, 16. आपला मोगली माथ्यावरून खाली येताना 4, 8, 12 आणे, म्हणजे 1, 2, 3 या प्रमाणात पडतो. बेरीज 1, 3, 6, 10. निसर्ग वर्गसंख्या मोजतो, हे यंत्र त्रिकोणी संख्या. पाळी निम्मी करा, सेकंदाला 120. उंची 33 येईल. पाळी जितकी लहान तितका हा फरक आटत जातो.

पाळी लहान न करताही इलाज आहे. पहिल्या पाळीत 64 ऐवजी 64 आणि 60 यांची सरासरी, 62, घ्या. पुढे नेहमीप्रमाणे 4 वजा. 62, 58, 54 पासून 2 पर्यंत बेरीज 512! उतरतानाही 2, 6, 10, 14, म्हणजे गॅलिलिओच्या विषम संख्या. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत संगणकावर मान्सूनचे गणित होते, तेही असेच काळाचे तुकडे पाडून. तुकडा किती मोठा घ्यावा आणि त्यात वेग कोणता धरावा, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आता आलेखाचा कागद घ्या. मोगली दर पाळीला दीड ठिपका पुढे सरकतो असे धरून 64 आणि 62 या दोन्ही आरंभांच्या उड्यांचे मार्ग काढा. मग 33 ठिपके उंचीवर एक फांदी आखा आणि दोघांपैकी कोणाचे पाय तिच्यापर्यंत पोहोचतात ते पाहा. शेवटी 4 आण्यांच्या जागी 2 आणे वजा करून पहिली उडी पुन्हा मांडा. उंची दुप्पट होईल असे वाटते ना? मोजून पाहा.