धीर कोठून येतो?



धान निसवायच्या वेळी पाऊस गेला, की आपल्या पोटात गोळा येतो. बांधीला भेगा पडतात. घरातले धान्य सरत येते. डोक्यावर कर्ज असते. शेजारी म्हणतात, "धीर धर." पण धीर काही बाजारात मिळत नाही. मग तो येतो कोठून? पंडिता रमाबाईंना तो ख्रिस्तावरच्या श्रद्धेतून मिळाला. त्यांची गोष्ट आज वाचू.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांनी शिकू नये, असे तेव्हाचे लोक म्हणत. तरी त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले. आईने ते रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव फिरत असे.

मग दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून झाले. झाडाची पाने खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढे दोघेच उरले. ते पायी देशभर हिंडले. १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पण १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. १८८२ साली पतीही पटकीने गेले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

एवढे दुःख झाल्यावर माणूस खचतो. रमाबाईही मनातून पोळल्या होत्या. १८८३ साली त्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती बहिणी त्यांनी तेथे पाहिल्या. या बाया असे का करतात, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील एका गोष्टीत सापडले.

ती गोष्ट विहिरीवरची आहे. येशू दमून विहिरीपाशी बसला होता. एक बाई भर दुपारी पाणी भरायला आली. ती परक्या जमातीची होती. तिच्या संसाराबद्दल लोक नावे ठेवीत. येशूने तिच्याकडेच पाणी मागितले. तिच्याशी मानाने बोलला. विहिरीवर कोणी कोणाला पाणी घ्यावे, यावरून काय काय घडते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याला लवकर समजते. रमाबाईंना वाटले, लोकांनी टाकलेल्या माणसाला जो टाकत नाही, तोच खरा तारणारा. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणून त्यांचे पुढचे दिवस सोपे झाले काय? नाही. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. विधवा मुलींनी तेथे शिकावे, हा हेतू. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. धर्मांतरामुळे पुष्कळ लोक रागावले होते. १८९३ साली अनेकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. उरलेल्या मुलींना शिकवत राहिल्या.

आता आपल्या भागाकडे येऊ. तेव्हा गोंदिया हा जिल्हा नव्हता. तो १९९९ साली झाला. त्याआधी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा जिल्हा मध्यप्रांतात होता. १८९६ साली पावसाने दगा दिला. मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. पोरक्या मुली रस्त्यावर आल्या. ही बातमी रमाबाईंच्या कानी गेली. त्यांच्या हाती पैसा बेताचाच होता. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदत देऊ केली होती. ती मुदतही संपत आली होती. पण आपले आईबाप दुष्काळात कसे गेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. देव वाट दाखवील, या भरवशावर त्या मध्यप्रांतात आल्या. सुमारे तीनशे मुली-बायांना त्यांनी आसरा दिला.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात एवढ्या मुली ठेवणे अवघड झाले. रमाबाईंनी केडगावला शेतजमीन घेतली होती. तेथे मुलींची सोय केली. तेच मुक्तिसदन. तेथे मुली वाचायला शिकल्या. विणकाम, शेती, छापखान्याचे कामही शिकल्या. आंधळ्या मुलींनाही बोटांनी वाचायला शिकवले.

पुढे रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईलाही ते कळावे, ही त्यांची इच्छा. १९२१ साली मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या.

यातून काय घ्यायचे? श्रद्धा ठेवली म्हणून पाऊस पडतोच असे नाही. गेलेले माणूस परत येत नाही. रमाबाई रडल्या नसतील असेही नाही. पण देवाने मला टाकलेले नाही, असे ज्याला वाटते, तो दुसऱ्याला टाकत नाही. आणि दुसऱ्याचा हात धरला, की आपलेही पाय घट्ट होतात. धीर असा येतो. तुमची श्रद्धा कोणतीही असो, हे करून पाहा. संकटात एकटे बसू नका. कोणाला तरी सांगा. शेजारच्या घरी चूल पेटली नसेल, तर तिकडे जा.

कठीण शब्द
शुभवर्तमान : येशूच्या चरित्राचे पुस्तक
बाप्तिस्मा : ख्रिस्ती होण्याचा विधी
पटकी : कॉलरा

प्रश्न
१. विहिरीवरच्या गोष्टीतून रमाबाईंना काय कळले?
२. हाती पैसा नसताना त्या मध्यप्रांतात का आल्या?
३. तुमच्या गावात आज एकटे पडलेले कोण आहे? त्याच्यासाठी काय करता येईल? दोन ओळी लिहा.