लाभ बहुतांचा, बुद्धी कोणाची?

चांगले कशास म्हणावे आणि राजसत्तेनेही ते का पाळावे, हा प्रश्न पंडितांचा खरा. पण माळकऱ्यासही तो चुकत नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले, त्यात हाच विचार मांडला आहे. (दैवगती कशी पाहा! त्या वेळी मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीत कैदी, आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत.)

नीतीचा पाया शोधण्याच्या वाटा त्यांनी तीन सांगितल्या. पुष्कळांचे पुष्कळ सुख ज्यात ते चांगले, ही आधिभौतिक. बेंथॅम, मिल्ल वगैरे साहेब मंडळींची. मनोदेवता सांगेल ते चांगले, ही आधिदैविक. पण मनोदेवता म्हणजे बुद्धीच. ती सात्त्विक तशी तामसही असते, मग तिचा कौल कसा घ्यावा? म्हणून तिसरी, आध्यात्मिक: सर्वांभूती एकच आत्मा पाहणारी समबुद्धी. भक्तीचे स्थान टिळकांनी थोडे उणे केले असे आम्हांस वाटते. परंतु समबुद्धीविषयी वारकऱ्याचा वाद कसला?

पहिल्या वाटेला त्यांनी अमेरिकेतल्या ट्रामचा दाखला दिला आहे. परवानगीस उशीर लागतो म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, शहराची सोय झाली, तरी लाच उघडकीस येताच खटला झाला. लाभ बहुतांचा होता ना? मग गुन्हा कशाचा? युधिष्ठिराच्या अश्वमेधातले मुंगूसही हेच विचारून गेले. दान केवढे हे त्याने पाहिले नाही. गरीब ब्राह्मणाचे शेरभर सातू त्याला यज्ञापेक्षा जड वाटले.

आता राज्याचे. दंड नसेल तर मोठा मासा लहानास गिळील, म्हणून राजा; हे शांतिपर्वात भीष्मांनी सांगितलेच आहे. पण राजा धर्माचा मालक नव्हे, धर्माच्या अधीन. आमच्या चिपळूणकडचे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात राजधर्माचा सविस्तर विचार केला आहे. प्रजेचा कर म्हणजे रक्षणाबद्दल राजाला मिळणारे वेतन, असे आपले शास्त्रकार मानीत. तेव्हा करातून पगार घेणारा पुन्हा हात पसरतो, तो एकदा विकलेली वस्तूच दुसऱ्यांदा विकतो.

मध्यंतरी एका वाडीत कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "बुवा, रस्त्यासाठी चिरीमिरी द्यावी लागली. पण आता आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचतो. यात पाप ते कुठलं?"

देणारा अडलेला, घेणाऱ्याइतका दोष त्याच्या माथी मारणे आम्हांस बरे वाटत नाही. आम्ही एवढेच विचारले, "पलीकडच्या वाडीचा रस्ता कधी व्हायचा?"

ते म्हणाले, "त्यांच्याकडे द्यायला पैसे कुठं आहेत? ते अजून डोलीतूनच उतरवतात."