प्रकाशतंतू

प्रयोग : पारदर्शक बाटलीच्या बुडाजवळ छिद्र पाडून पाणी भरावे व अंधारात समोरच्या बाजूने विजेरीचा झोत छिद्रावर सोडावा. वाकलेल्या धारेखाली धरलेल्या तळहातावर प्रकाश उमटतो. १८५४ साली जॉन टिंडाल यांनी लंडनमध्ये हेच दाखविले.

स्पष्टीकरण : धारेच्या कडेवर प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. काचेच्या तंतूतही तसेच घडते. परंतु पूर्वी तो वाटेतच लोपत असे. दोष काचेचा नसून तीतील अशुद्धीचा आहे, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली प्रतिपादिले. १९७० साली अमेरिकेत झालेल्या तंतूत एक किलोमीटरनंतर शंभरांतील एका भागाहून अधिक प्रकाश उरला. आज सुमारे ९५ भाग उरतात.

प्रश्न : संदेश दूर नेण्यास काच शुद्ध का हवी?