डिस्क नसली तरी यंत्र उठलं पाहिजे

सर्व्हर आता तुझ्या ताब्यात येतोय, म्हणून हे चार शब्द. मूळ डिस्कखेरीज जोडलेल्या प्रत्येक डिस्कबद्दल आधीच ठरव, तिच्यावाचून यंत्रानं उठावं की थांबावं. तू ठरवलं नाहीस तर यंत्र सुरू करणारं सिस्टमडी ठरवतं, आणि ते थांबतं.

एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत लिहिलेली डिस्क हवीच, असं ते धरून चालतं. ९० सेकंद वाट बघतं, मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं. तिथे नेटवर्क नसतं, एसएसएच नसतं. एकदा बॅकअपची यूएसबी डिस्क कुणीतरी काढून ठेवली होती आणि रात्री वीज गेली. भर पावसात मी पोचलो, तर मूळ डिस्क ठणठणीत होती आणि स्क्रीनवर रूटचा पासवर्ड मागणारी ओळ लुकलुकत होती. एका शब्दाअभावी सगळं काम अडलं होतं.

तो शब्द म्हणजे नोफेल. एफएसटॅबच्या चौथ्या रकान्यात ‘डिफॉल्ट्स’नंतर स्वल्पविराम देऊन लिही. मध्ये जागा सोडू नकोस, रकाना तुटतो. मूळ डिस्कला मात्र तो कधी लावू नकोस.

डिस्क यूयूआयडीनं ओळख. आजची एसडीबी उद्या एसडीसी होते. ‘बीएलकेआयडी’ चालवलंस की खरी ओळख दिसते.

बदल केलास की तिथल्या तिथे तपास. आधी ‘फाइंडएमएनटी’ व्हेरिफाय पर्यायासह, मग ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’, मग ‘माउंट -ए’. चूक असेल तर दिवसाउजेडी कळते.

नोफेलचा धोकाही ओळख. डिस्क नसताना यंत्र निमूट उठतं, पण बॅकअपची स्क्रिप्ट ती डिस्क जिथे जोडली जाते त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत सुटते. तो फोल्डर मूळ डिस्कवरच असतो, ती तुडुंब भरते आणि सगळंच कोलमडतं. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘माउंटपॉइंट’ कमांडनं डिस्क जोडलेली आहे का ते बघ, नसेल तर तिथूनच परत फिर. शिवाय डिस्क उतरवलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचएटीटीआर +आय’ कर. मग रूटलाही त्यात लिहिता येत नाही. डाटाबेस अशा डिस्कवर असेल, तर त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ लिही, म्हणजे डिस्कशिवाय तो सुरूच होणार नाही.

अडकलास तर घाबरू नकोस. रूटचा पासवर्ड दे, मूळ डिस्क लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट कर, एफएसटॅबमधल्या त्या ओळीआधी हॅश टाक आणि यंत्र पुन्हा चालू कर. उबुंटूत रूट खातं मुळात बंद असतं, तेव्हा लाइव्ह यूएसबी खणात तयार ठेव.

हे सगळं झालं की एक दिवस सुट्टीचा बघ, यंत्र रीतसर बंद कर, त्या डिस्कची केबल काढ आणि चालू कर. लॉगिनची ओळ येईपर्यंत समोरून हलू नकोस. ती आली, की मग निर्धास्त घरी जा.