सुलतान बाजारात अर्धवेळ काम : आधी विचारायचे चार प्रश्न

आपल्यापैकी बऱ्याच जणांना फीसाठी नाही तरी बसपास आणि पुस्तकांसाठी काम हवंच असतं. मोबाईलवर शोधत बसण्यापेक्षा सुलतान बाजारात एक चक्कर मारा, असं मी सांगेन.

हा बाजार ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढला, म्हणून त्याला रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. साड्या, कपडे, बांगड्या, चपला, शेजारी कोटीला पुस्तकं. छोटी दुकानं घरची माणसं आणि दोन-चार नोकरांवर चालतात. त्यामुळे इथे अर्ज भरायचा नसतो, समोर जाऊन विचारायचं असतं.

पहिली गोष्ट वेळेची. संध्याकाळच्या गर्दीत विचारलंत तर 'कल आओ' ऐकाल. दुकान उघडून तासभर झाला, गिऱ्हाईक तुरळक आहे, तेव्हा जा. जूनमध्ये वह्यापुस्तकांच्या दुकानांना आणि रमजान, बतुकम्मा, दसरा, दिवाळीच्या आधी कपड्यांच्या दुकानांना जादा माणूस लागतो. सणाच्या दोन-तीन आठवडे आधी विचारून ठेवा.

दुसरी भाषेची. हैदराबादी हिंदी आणि कामापुरती तेलुगू हवीच. मराठीचा इथे काय उपयोग, असं मला वाटायचं. एकदा नांदेडहून लग्नाच्या खरेदीला आलेल्या काकू आपसात म्हणाल्या, "काठ जरा बारीक असता तर!" मी लगेच दुसरी साडी काढली. त्यांनी चार घेतल्या. तेव्हापासून शेठजी मराठी गिऱ्हाईक माझ्याकडेच पाठवतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चार प्रश्न. रोज किती तास? पगार किती आणि कोणत्या तारखेला? सुट्टी कोणत्या वारी? परीक्षेत रजा मिळेल का?

पहिल्या दुकानात मी लाजेने यातलं काहीच विचारलं नाही. अकरा दिवस उभी राहून काम केलं. इंटर्नल परीक्षा आली म्हणून सोडलं, तर 'महिना पूरा नहीं हुआ' म्हणून एक रुपया मिळाला नाही. घरी आईला खरं सांगायलाही चार दिवस लागले. भांडायला माझ्याकडे लिहिलेलं काही नव्हतं.

दुसऱ्या दुकानात ठरलेलं सगळं त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं. शेठजींचं 'ओके' आलं, मला तेवढं पुरे झालं. रविवारचंही बोलून घेतलं : सकाळी मिस्सा, दुकानात अकरानंतर. ते लगेच हो म्हणाले. मागितलं नसतं तर मिळालं नसतं.

आणखी दोन सूचना. काम लावून देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर तिथून निघा. मूळ मार्कशीट कोणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टान्त आपण चर्चमध्ये कितीदा ऐकतो. शेवटी आलेल्यांनाही पूर्ण मजुरी मिळाली, तेच लक्षात राहतं. पण सकाळी मळ्यात पाठवण्याआधी धन्याने मजुरी ठरवली होती, हे मला अकरा दिवस फुकट गेल्यावर दिसलं. काम मागताना मान खाली घालू नका. आपण दान मागत नसतो.