लपलेला अँटेना

सन १९६३ मध्ये सांगली येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्या काळी पुष्कळ घरांत तांब्याच्या तारांची जाळीदार पट्टी भिंतीवर उंच ताणून बांधलेली दिसे. हीच रेडिओची एरियल, म्हणजेच अँटेना होय. आजच्या भ्रमणध्वनीवर अशी पट्टी कोठेच दिसत नाही. मग अँटेनाची गरज उरली नाही काय?

गरज संपलेली नाही. अँटेना केवळ लपला आहे. रेडिओलहर धातूवर येऊन पोहोचली, म्हणजे त्या धातूत अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह खेळू लागतो. त्या प्रवाहातूनच यंत्र संदेश ओळखते. धातूची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी असली, तर हे ग्रहण चांगले होते. लहरीची कंपने जितकी अधिक, तितकी तिची लांबी कमी. सांगली केंद्राच्या मध्यमलहरींची कंपने सेकंदाला १२ लाख ५१ हजार. म्हणून त्यांची लांबी सुमारे २४० मीटर भरे. उलट, सेकंदाला ९० कोटी कंपने असलेली भ्रमणध्वनीची लहर अवघी ३३ सेंटिमीटर लांब असते. तिला सुमारे ८ सेंटिमीटरांचा अँटेना पुरतो. तो दुमडून फोनच्या कडेत सहज मावतो. कित्येक फोनांत तर बाहेरची धातूची चौकटच हे काम करते.

या सोयीबरोबर एक अडचणही आली. २०१० साली निघालेल्या ‘आयफोन ४’च्या चौकटीत एक बारीक फट होती. तिच्यावर तळहात टेकला, की ग्रहण मंदावे. अखेर कंपनीने ग्राहकांना मोफत वेष्टने दिली. आपल्या शरीरातील क्षारयुक्त पाणी लहरी शोषून घेते. म्हणूनच आता एका फोनात निरनिराळ्या कडांना अनेक अँटेना बसवितात. एक झाकला गेला, तर दुसरा उपयोगी पडतो.

हाताप्रमाणेच डोंगरही लहरींच्या आड येतो. लांब लहरी जमिनीलगत दूरवर पसरतात. आखूड लहरी मात्र बहुतांशी सरळ जातात आणि डोंगरामागे त्यांची जणू सावली पडते. सांगलीच्या सपाट मुलखात हा अडथळा थोडा. पण सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या खोऱ्यात एका वळणावर लाभलेला संपर्क पुढच्या वळणावर तुटतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. अशा प्रसंगी वेळेवर पोहोचलेला एक निरोप कोणाचा तरी जीव वाचवू शकतो. तेव्हा फोनच्या कडा मुठीत घट्ट धरू नयेत. धोका नसेल, तर उंच व मोकळ्या जागी जावे. बोलणे होईना, तर छोटा लेखी संदेश पाठवावा. मदतीसाठी ११२ हा क्रमांक ध्यानी ठेवावा. यंत्र कितीही चतुर असले, तरी त्याची वाट मोकळी ठेवणे हे वापरणाऱ्याच्याच हाती असते.