सापसुरळी

"गुरुजी, लवकर या! सापाची मावशी मारली!"

मी शाळेवर असताना एका सकाळी मुले ओरडत आली. बागेत भाजीच्या वाफ्याजवळ ती मरून पडली होती. अंग तपकिरी, चकचकीत. दोन्ही बाजूंना एक एक पिवळसर पट्टा. तोंडात अर्धा नाकतोडा तसाच होता. नाकतोड्यांनीच आमच्या भाजीची चाळण केली होती!

मुलांना मी काय बोलणार? लहानपणी मीही हेच केले होते. "ती चावली तर माणसाला पाणी मागू देत नाही," असे आजी सांगायची. ते खरे नाही. सापसुरळीला विष नसते. हातात धरली तर ती चावेल, पण विष चढायचे नाही.

मग लोक तिला का भितात? तिचे अंग सापासारखे चमकते. गवतातून ती सळसळत जाते. आखूड पाय दिसत नाहीत. पण नीट बघा. तिला चार पाय असतात. तिची पापणी मिटते. डोळ्यामागे कानाचे भोक असते. सापाला पापणी नसते आणि कानाचे भोकही नसते. सापसुरळी ही पाल-सरड्यांच्या भावकीतली.

सकाळी ती उन्हात अंग शेकते. मग गवतात, पालापाचोळ्यात किडे टिपत फिरते. साप, मुंगूस, शिकारी पक्षी तिला खातात. शत्रूने शेपूट धरली, की ती शेपूट तोडून पळते. तुटलेली शेपूट वळवळत राहते. शत्रू तिकडे बघतो, तोवर ही पसार! पुढे नवी शेपूट फुटते. तिच्यात हाड नसते, मऊ कूर्चा असते.

इ. स. १८०१ मध्ये श्नायडर नावाच्या जर्मन विद्वानाने आपल्याकडच्या मोठ्या सापसुरळीचे शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे शास्त्राला तिची ओळख दोनशे वर्षांपूर्वीच पटली. आपल्याला अजून पटायची आहे.

तेव्हा गवत सळसळले, की आधी दोन पावले मागे व्हा. काठी उचलू नका. पाय दिसले, तर तिला जाऊ द्या. दिसले नाहीत, तर जवळ जाऊ नका. तो सापही असेल. साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा.

प्रश्न
१. सापाला नसते आणि सापसुरळीला असते, असे काय काय?
२. सापसुरळी शेपूट का तोडते?
३. तुमच्या गावात तिला काय म्हणतात?